तीन जनुकांचं गणित: १० आणि २० मिळून ३० का होत नाहीत?

निफाडची_लेक
नमस्कार. मी नाशिकला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर निफाड तालुक्यात, बाग द्राक्षाची. सोमवारी जेनेटिक्सची अंतर्गत परीक्षा आहे आणि कालपासून एकाच गणितावर अडकलेय. तीन जनुकांचा टेस्ट क्रॉस (दोन्ही रूपं बाळगणाऱ्या जीवाचा, तिन्ही जनुकं फक्त बदललेल्या रूपात असणाऱ्याशी संकर), संतती १०००. + म्हणजे मूळ रूप, अक्षर म्हणजे बदललेलं रूप:

+ + + ३५८, अ ब क ३५४
+ + क ९१, अ ब + ९७
+ ब + ४६, अ + क ४२
+ ब क ७, अ + + ५

दोन-दोन जनुकं घेऊन, जोडी मोडलेली संतती मोजली तर अ-ब १० टक्के, अ-क २० टक्के, ब-क २७.६ टक्के येतं. म्हणजे अ मधे असणार. पण १० आणि २० ची बेरीज ३०. मग २.४ गेले कुठे? वर्गात सांगितलं होतं, 'सगळ्यात लहान गट बघा, मधलं जनुक कळतं.' का कळतं, ते मला सांगता येत नाही. सूत्र पाठ करून मार्क मिळतीलही, पण मला समजून घ्यायचंय.

पंचवटीकर_०७
ते ७ आणि ५ म्हणजे डबल क्रॉसओव्हर, गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल दोन जागी झालेली. ब-क काढताना ते १२ दोनदा मिळव: ८८ + १८८ + १२ + १२ = ३००. झाले ३० टक्के. परीक्षेत एवढं लिहिलंस तरी चालतं.

जुना_मास्तर
वरचं उत्तर बरोबर आहे, पण दोनदा का मिळवायचे हाच तर तिचा प्रश्न आहे. मी ३१ वर्षं हा विषय शिकवला आणि दरवर्षी मुलं नेमकी इथेच थांबायची. थांबतात ती विचार करणारी असतात, तेव्हा काळजी करू नकोस.

तू द्राक्षवाल्यांच्या घरची आहेस, तर छाटणीतल्या दोन काड्या घे. एकीच्या डोळ्यांना चुना लाव, दुसरी तशीच ठेव. दोन्हींवर ओळीने तीन डोळे धर: ब, अ, क. काड्या म्हणजे जोडीतली गुणसूत्रं, डोळे म्हणजे जनुकं. आता दोन्ही काड्या शेजारी ठेवून एकाच जागी काप आणि पुढचे तुकडे एकमेकींना जोड. हा झाला एक क्रॉसओव्हर. काप ब आणि अ च्या मधे पडला तर ब एकटा सुटला, अ आणि क सोबत गेले. डोळे जितके लांब, तितका त्यांच्या मधे काप पडण्याचा संभव जास्त. नकाशातलं अंतर ते एवढंच.

आता दोन काप घे, अ च्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, आणि मधला तुकडा बदल. काडी नीट बघ. दोन्ही टोकांचे डोळे पहिल्यासारखेच, फक्त मधला बदललेला. अ झाकून नुसते ब आणि क पाहिलेस तर काडीला काप गेलाच नाही असं वाटेल, आणि गेलेत दोन! तुझ्या १२ संततींत असे २४ काप लपलेत. हजारात २४ म्हणजे तुझे २.४ टक्के.

लहान गटाचंही यातच आलं. दोन काप एकाच वेळी पडणं दुर्मिळ, म्हणून तो गट सगळ्यात लहान. आणि मूळ + + + शेजारी अ + + ठेवलंस की बदललेलं एकच जनुक दिसतं. तेच मधलं. तुझ्या प्रश्नपत्रिकेत अ पहिला लिहिलाय म्हणून तो टोकाला आहे असं मुळीच नाही. मुलं तिथे फार फसतात.

आता एक गोष्ट मला सांगितल्यावाचून राहवत नाही. जनुकांच्या नकाशाची ही युक्ती काढली तेव्हा आल्फ्रेड स्टर्टेव्हंट जवळपास तुझ्याच वयाचा होता. १९११ साली कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत दुधाच्या बाटल्यांत फळमाश्या पाळायचे. सहलग्नता, म्हणजे जनुकं सोबत जाण्याचं प्रमाण, कमी-जास्त असते त्यावरून जनुकांचा क्रम लावता येईल हे त्याला सुचलं, आणि कॉलेजचा गृहपाठ बाजूला ठेवून त्याने रात्रीतून माशीच्या एक्स गुणसूत्राचा नकाशा मांडला. १९१३ साली तो छापून आला. त्यात पिवळ्या अंगाचं जनुक ०.० वर, पांढऱ्या डोळ्यांचं १.० वर आणि शेवटचं, खुरट्या पंखांचं, ५७.६ वर. पुनर्संयोजन, म्हणजे जोडी मोडलेल्या संततीचं प्रमाण, ५० टक्क्यांच्या वर जात नाही, मग ५७.६ कुठून आले? लहान-लहान टप्प्यांची बेरीज करून. म्हणून तुझ्या गणितातही बेरजेचे ३० धरायचे, थेट मोजलेले २७.६ नाहीत.

निफाडची_लेक
सर, घरी काड्या नव्हत्या, दोन उसाची पेरं कापून केलं. मधला तुकडा बदलल्यावर एकदम दिसलं. आई म्हणाली, ऊस खा, वाया घालवू नको. अजून एक विचारू का? अण्णा या हंगामात वेलीवरच्या भुरी आणि डावण्या या रोगांनी फार बेजार झालेत. या नकाशाचा द्राक्षाला काही उपयोग होतो का?

जुना_मास्तर
होतो, आणि फार होतो. द्राक्षाला गुणसूत्रांच्या १९ जोड्या. मस्कॅडाइन या अमेरिकी द्राक्षाकडून आलेलं भुरीला दाद न देणारं जनुक, रन१, बाराव्या गुणसूत्रावर आहे. त्याला अगदी खेटून डावण्याशी लढणारं आरपीव्ही१. दोन्ही इतकी जवळ की बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. त्यांच्या जवळच्या डीएनएतल्या खुणा माहीत असल्या की बी रुजल्यावर कोवळ्या पानाचा डीएनए तपासून रोप ठेवायचं की काढायचं ते ठरवता येतं. घड लागेपर्यंत वर्षानुवर्षं थांबायला नको.

पण जवळ असण्याची दुसरी बाजूही आहे. चांगल्या जनुकाला चिकटून जंगली वेलीचे नको असलेले गुण येतात, आणि ते सोडवायला नेमक्या जागी क्रॉसओव्हर झालेलं रोप शेकडोंतून शोधावं लागतं. अण्णांच्या बागेत हे आपोआप घडणार नाही. तिथे वेल काडीने वाढते, बियाने नाही. क्रॉसओव्हर होतो तो फुलात, परागकण आणि बीजांड घडताना.

सोमवारच्या पेपरात इंटरफिअरन्स, म्हणजे एक काप दुसऱ्याला किती अडवतो, ते विचारतीलच. अपेक्षित डबल ०.१ × ०.२ × १००० = २०, मिळाले १२. बाकीचं तू कर.

निफाडची_लेक
१२ भागिले २० म्हणजे ०.६, आणि १ वजा ०.६ म्हणजे ०.४. एक काप पडला की शेजारी दुसरा पडायला अडतो, असंच ना सर?

जुना_मास्तर
असंच.