स्टर्लिंग इंजिन हाताने फिरवलं की चार फेऱ्या मारतंय, मग थांबतंय

राजारामपुरीकर:
नमस्कार मंडळी. घराच्या मागच्या पडवीत बेंच ड्रिल, व्हाइस आणि हातसामान एवढंच आहे. लेथ नाही, टर्निंग (लेथवरचं गोल काम) कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांतून करून आणतो. सध्या गॅमा पद्धतीचं, म्हणजे डिस्प्लेसर आणि पिस्टन वेगवेगळ्या सिलिंडरात असलेलं, स्टर्लिंग इंजिन बांधतोय. गुऱ्हाळावरच्या ऑइल इंजिनाचा ठोका ऐकत वाढलोय. आत धडाका न होता, नुसत्या बाहेरच्या उष्णतेवर चालणारं इंजिन एकदा स्वतःच्या हातानं करायचंय.

मापं अशी. गरम बाजूला स्टेनलेसची पातळ नळी, आतून २४ मिमी. डिस्प्लेसर (हवा गरम आणि थंड टोकांत ढकलणारा सैल दट्ट्या) पत्र्याचा, पोकळ, व्यास २३, लांबी ४०, स्ट्रोक (मागं-पुढं सरकण्याचं अंतर) २५. पॉवर सिलिंडर पितळी, बोअर (आतला व्यास) १६, स्ट्रोक २०. पिस्टन ॲल्युमिनियमचा, त्यावर एक ओ-रिंग. दोन्ही सिलिंडर जोडायला १५० मिमी रबरी नळी, तिचं भोक ६ मिमी. दोघांचे क्रँक एकमेकांशी ९० अंशांवर. बेअरिंग ६०८, नवी, सीलवाली.

स्पिरिटचा दिवा लावून पाच मिनिटं थांबतो, फ्लायव्हीलला धक्का देतो, चार-पाच फेऱ्या होतात आणि संपलं. थंड बाजूसुद्धा हात लावू नये इतकी तापते. ज्योत मोठी करू का?

बीडकाम:
ज्योत वाढवू नका. दोष आगीत नाही.

आधी ती ओ-रिंग काढा. या इंजिनात पिस्टनवर येणारा दाब इतका थोडा असतो की रबर घासण्यातच तो सगळा संपतो. हवा गळेल म्हणून लोक रबर घालतात. इथं रबर नको, फिट पाहिजे. शिवाय ॲल्युमिनियम पितळेपेक्षा जास्त फुगतं, म्हणजे गार असताना मोकळा वाटणारा पिस्टन तापल्यावर धरतो. बीडाचा (ओतीव लोखंडाचा) करा. शिरोली, गोकुळ शिरगावला एवढ्या फौंड्री असताना कोल्हापुरात बीडाच्या तुकड्याला तोटा नाही. मात्र वाळूच्या साच्यातला तुकडा असेल तर वरची कातडी पुरती उतरवायला सांगा, आणि आत बारीक भोकं दिसली तर तो तुकडा सोडून द्या. सच्छिद्र पिस्टनवर कितीही मेहनत घेतली तरी ती वाया जाते.

सिलिंडरला रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) मारून घ्या आणि मग लॅपिंग, म्हणजे बारीक पेस्टनं घासून गुळगुळीत करणं. पिस्टनच सिलिंडरमध्ये घालून पेस्टनं घासायचा मोह होतो, तो टाळा. पेस्टचे कण मऊ पितळेत रुतून बसतात आणि पुढं इंजिन चालू असताना पिस्टन खात राहतात. लॅपिंगला ॲल्युमिनियमचा वेगळा दांडा करा, शेवटचा हात ब्रासोचा (पितळ चकाकवायच्या पॉलिशचा), आणि सगळं रॉकेलनं दोनदा धुवा.

फिट बघायची रीत: दोन्ही कोरडे पुसा, सिलिंडरचं खालचं तोंड बोटानं बंद करा, वरून पिस्टन सोडा. तो हवेवर तरंगल्यासारखा थांबला पाहिजे. बोट काढलं की स्वतःच्या वजनानं सरसर खाली आला पाहिजे. दोन्ही जमलं तरच पिस्टन झाला. टर्नरला “गच्च बसव” म्हणू नका, ही परीक्षा त्याच्यासमोर करून दाखवा. चांगला टर्नर असेल तर त्यालाच गोडी लागते. उभा जन्म लेथवर गेलाय माझा, असा जॉब आला की आम्ही जेवण पुढं ढकलतो.

आता ती नळी. ६ मिमी भोक, १५० लांबी, म्हणजे ४.२ घनसेंमी हवा झाली. तुमचा पिस्टन पुऱ्या स्ट्रोकात किती हवा हलवतो? ४ घनसेंमी. म्हणजे पिस्टन जेवढी हवा हलवतो तेवढीच नळीत काही न करता बसलीय. दाब तिथंच मरतोय. दोन्ही सिलिंडर एकाच ठोकळ्यावर घेऊन मधे ४ मिमी भोक पाडा. २० मिमी लांब धरलं तरी पाव घनसेंमीच होतं.

बेअरिंगची सीलं काढा, पेट्रोलमध्ये ग्रीस धुवा, हलक्या मशीन ऑइलचा एक थेंब. डिस्प्लेसरभोवती अर्धा-अर्धा मिमी फट ठेवलीय ती बरोबर आहे, तिथं हात लावू नका. त्याच्या दांड्याचं बुश (दांडा ज्यातून सरकतो ती नळी) मात्र लांब ठेवा, निदान १५-२० मिमी. गळती बहुतेक तिथूनच असते.

तास_संपला:
बीडकाम यांनी यंत्राची बाजू सांगितली, मी उष्णतेची सांगतो. गरम बाजू ३५०° आणि थंड बाजू ४०° असेल तर कार्नोच्या सूत्रानुसार उष्णतेतून काम मिळण्याची मर्यादा सुमारे ५० टक्के येते. थंड बाजू १२०° झाली तर ती ३७ वर घसरते. प्रत्यक्षात मॉडेलमध्ये याच्या कितीतरी खाली मिळतं, म्हणून एवढीही घसरण परवडत नाही. ज्योत वाढवली की दोन्ही टोकं तापतात.

तुमचा डिस्प्लेसर आखूड आहे. स्ट्रोक २५ तर लांबी ७० ते ७५ ठेवा, आणि नळीही त्या हिशेबानं लांब घ्या. लांबी वाढली की गरम टोक थंड टोकापासून दूर जातं. फटीतून हवा जाता-येता भिंतीला उष्णता देते आणि परत घेते, हा दुसरा फायदा. रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश धर्मोपदेशकानं १८१६ च्या पेटंटमध्ये हीच कल्पना मांडली होती, नाव दिलं होतं इकॉनॉमायझर. तुमच्या इंजिनात वेगळा रीजनरेटर (उष्णता साठवून परत देणारा भाग) नाही, ते काम ही फटच करते. थंड टोकाला उष्णता बाहेर टाकायला ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या (फिन्स) बसवा.

राजारामपुरीकर:
काका, सर, दोघांचे मनापासून आभार. नळीचा हिशेब डोक्यातच आला नव्हता. बीडाचा तुकडा मिळेपर्यंत काचेची सिरिंज चालेल का? आणि फिरवायची दिशा कुठली?

बीडकाम:
चालेल, झकास चालेल. १० सीसीची काचेची सिरिंज सर्जिकलच्या दुकानात विचारा. नळकांडं आणि दट्ट्या एकाच जोडीचे घ्या, अदलाबदल झालेली घेऊ नका. तेल अजिबात घालू नका, कोरडीच चालवा. तिचा बोअर नेमका १६ असेलच असं नाही, म्हणून स्ट्रोकचा हिशेब पुन्हा करा.

दिशा: डिस्प्लेसर पिस्टनच्या ९० अंश पुढं धावला पाहिजे. उलटं फिरवलंत तर इंजिन स्वतःच ब्रेक मारतं, दिवा कितीही लावा. फ्लायव्हीलवर खडूनं बाण काढून ठेवा.

राजारामपुरीकर:
समजलं. हे चाललं की चहाच्या कपावर चालणारं करायचंय. हाच पिस्टन वापरता येईल?

तास_संपला:
नाही, तिथं प्रमाणच बदलतं. कमी तापमानाच्या इंजिनासाठी एक ठोकताळा आहे: कॉम्प्रेशन रेशो (आतल्या हवेचं जास्तीत जास्त आकारमान भागिले कमीत कमी) = १ + तापमानातला फरक भागिले ११००. चहा आणि खोलीत ५० अंशांचा फरक धरा, तर १.०४५ येतं. म्हणजे डिस्प्लेसरच्या भांड्यातल्या हवेच्या साधारण विसाव्या हिश्श्याएवढीच हवा पिस्टननं एका स्ट्रोकात हलवायची. रुंद, चपटं भांडं आणि बारीक पिस्टन. डिस्प्लेसर थर्माकोलचा चालतो, पण तो दिव्यावरच्या इंजिनात चुकूनही वापरू नका.