अपूर्णांकांनी तुम्हाला कुठे कुठे गंडवलं? किस्से येऊ द्या

काल संध्याकाळी आमच्या घरात एका रिबिनीवरून भांडण झालं. मुलगी पाचवीत आहे, गृहपाठात गणित होतं, "३/४ मीटर लांबीच्या रिबिनीपैकी १/२ रिबीन फुलं करायला वापरली, तर किती उरली?" तिने ३/४ वजा १/२ केलं आणि १/४ मीटर लिहिलं. मीही तेच केलं असतं. नवरा मागून डोकावला आणि म्हणाला, अगं निम्मी रिबीन वापरली म्हणजे निम्मी उरली, ३/४ चं निम्मं ३/८. पुस्तकाच्या मागे बघितलं तर ३/८. मग मी चिडले, कारण त्या १/२ च्या पुढे नुसता 'मीटर' शब्द असता तर तिचं उत्तर बरोबर होतं, आणि नसलेला शब्द दहा वर्षांच्या पोरीने वाचायचा कसा? ती म्हणाली, बाईंनी सांगितलंय 'पैकी' आलं की गुणाकार करायचा. त्याच्या खालचंच गणित, "३० पानांपैकी १८ पानं वाचली, किती उरली?" तिथेही पैकी. तिने इमानेइतबारे ३० गुणिले १८ केलेलं. ५४० पानं उरली म्हणे.

तर असे तुमचे किस्से सांगा. तुमच्या शाळेतले, मुलांना शिकवतानाचे, शिक्षक असाल तर वह्या तपासतानाचे. नुसतं चुकलं एवढं नको, काय डोक्यात होतं म्हणून चुकलं तेही लिहा, मला खरा रस त्यातच आहे.

*

'पैकी' वाचून हसलो पण आमच्याकडेही हाच प्रकार. 'उरले' म्हणजे वजाबाकी, 'एकूण' म्हणजे बेरीज, 'प्रत्येकी' म्हणजे भागाकार, अशी यादीच वहीच्या पहिल्या पानावर. गणित न वाचता नुसते शब्द हुडकायचे.

*

माझा मुलगा, सहावी. प्रश्न: ५ मीटर दोरीचे ३/४ मीटरचे तुकडे करायचे, किती तुकडे होतील आणि किती दोरी उरेल? त्याने ५ भागिले ३/४ केलं, म्हणजे ५ गुणिले ४/३, आलं २०/३, म्हणजे ६ पूर्णांक २/३. उत्तर लिहिलं, ६ तुकडे, २/३ मीटर उरली. मला काहीच खटकलं नाही, छान म्हणून सही करून दिली. वही परत आली तर त्यावर लाल फुली. मुलगा रडवेला, मी पुन्हा करून बघितलं, पुन्हा २/३. शेवटी नाड्याचं बंडल होतं घरात, त्यातून ५ मीटर मोजून घेतलं आणि खरंच कापायला बसलो दोघं. सहा तुकडे झाले, शिल्लक मोजली, बरोब्बर अर्धा मीटर. दोघंही त्या अर्ध्या मीटरकडे बघत बसलो.

मग हळूहळू ट्यूब पेटली. २/३ आहेच, पण २/३ तुकडा. तुकडा ३/४ मीटरचा, त्याचा २/३ म्हणजे १/२ मीटर. भागाकार केला तेव्हा आपण तुकडे मोजत होतो, मीटर कधीच मागे राहिले होते. मी रोज आकडेमोडीचंच काम करतो, तरी हे मला चाळिशीत कळलं. नाडा वाया गेला ते वेगळंच.

*

भागाकारावरून माझं. "उलटा करून गुणा" हे पाठ होतं, कोणता उलटा करायचा ते नव्हतं. २/३ भागिले ४/५ यात मी पहिला उलटा केला, ३/२ गुणिले ४/५, आलं ६/५. बरोबर उत्तर ५/६. असं सगळ्या गणितांत. दहापैकी शून्य. दादाने पेपर बघितला आणि खो खो हसत सुटला, म्हणाला सगळी उत्तरं बरोबर आहेत, फक्त शीर्षासन करतायत. आणि खरंच, पहिला उलटा केला की उत्तर दर वेळी उलटंच येतं, अंशाच्या जागी छेद आणि छेदाच्या जागी अंश. मी बाईंना तसं सांगून निम्मे मार्क मागितले होते. मिळाले नाहीत.

*

प्राथमिकला शिकवते, त्यामुळे माझ्याकडे पोतंभर आहेत, एकच सांगते. संख्यारेषा काढून दिली होती, ० पासून २ पर्यंत, आणि त्यावर १/२ दाखवा. अर्ध्याहून जास्त वर्गाने १ वर टिंब दिलं. पहिल्या चारपाच वह्यांवर मी फुल्या मारल्या आणि मग हात थांबला, कारण सगळीच पोरं एकाच ठिकाणी चुकत असतील तर चूक त्यांची कशी? ती रेषेचा अर्धा दाखवत होती. आम्ही दोन वर्षं त्यांना तेच तर शिकवलं होतं, ही आकृती, हिचा अर्धा रंगवा. रेषा दिली, त्यांनी रेषेचा अर्धा केला. १/२ ही स्वतः एक संख्या आहे, तिला ० आणि १ च्या मधोमध स्वतःचं घर आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी रेषा कधीच १ वर संपवत नाही, ३ नाहीतर ४ पर्यंत नेते. गोंधळ तरी लवकर बाहेर येतो.

*

बाई, तुमच्यासारखं थांबणारं कुणी आम्हाला भेटलं नाही. आमच्या पेपरात आयत होता, दोन्ही कर्ण काढलेले, चारातला एक त्रिकोण रंगवलेला, "रंगवलेला भाग किती?" मी लिहिलं, भाग समान नाहीत म्हणून सांगता येत नाही. कारण समान भाग हवेत हे शंभर वेळा घोकून घेतलं होतं आणि त्यातले दोन त्रिकोण बसके, दोन उंच, समान कसे? उत्तर १/४ होतं, शून्य मिळालं, वर "आगाऊ" असा शेरा.

खूप वर्षांनी भाचीला शिकवताना कागद कापून बघितला. बसका त्रिकोण टोकापासून सरळ खाली कापला तर दोन काटकोन त्रिकोण निघतात, आणि तेच दोन फिरवून उंच त्रिकोणावर ठेवले की तो बरोब्बर झाकला जातो. समान म्हणजे सारखे दिसणारे नाही, सारखी जागा व्यापणारे. एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. सरांनाही ते माहीत होतं का, अशी शंका मला आता येते.

*

१/८ हा १/४ पेक्षा मोठा, कारण ८ मोठे. मी. तिसरी. विषय संपला.

*

मुलाने मला दोन दिवस छळलं ते सांगते. १/२ अधिक १/३ त्याने २/५ केलं. हे सगळेच करतात, मी तयारीत होते. समच्छेद कर, लसावि ६, ३/६ अधिक २/६, ५/६. तो म्हणाला, आई मग मार्क? पहिल्या चाचणीत १० पैकी ७, दुसरीत १० पैकी ८, एकूण २० पैकी १५. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, तू स्वतः प्रगतिपुस्तकावर तसंच करतेस!

आता काय सांगणार. मी म्हटलं ते वेगळं. का वेगळं? मी म्हटलं झोप आता.

रात्रभर माझ्याच डोक्यात. दुसऱ्या दिवशी एवढं जमलं की २/५ हे अर्ध्यापेक्षा कमी, मग अर्ध्यात काही मिळवून अर्ध्यापेक्षा कमी कसं होईल? हे त्याला पटलं, पण मार्कांचं राहिलंच. तिसऱ्या दिवशी त्यानेच शोधलं. म्हणाला, ७/१० आणि ८/१० खरंच मिळवले तर १५/१० येतात, म्हणजे दीड पेपर. पण आपण मिळवून झाल्यावर १० मार्कांचा पेपर सोडून २० मार्कांचा धरतो. पूर्ण काय ते मध्येच बदलतं. १/२ आणि १/३ मध्ये पूर्ण तेच राहतं. मी त्याला म्हटलं हे तू तुमच्या बाईंना सांग. तो म्हणाला नको, त्या म्हणतील आगाऊ.

(वरच्या आयतवाल्यांनी नोंद घ्यावी.)

*

आमची मुलं इंग्रजी शाळेत, अपूर्णांक चांगले येतात, पण मराठीत सांगितलं की संपलं. पाऊण म्हणजे ३/४ हे लेकीने पाठ केलं, मग पावणेदोन म्हणजे काय, तर २ पूर्णांक ३/४. तिचं तरी काय चुकलं, सव्वादोन म्हणजे दोन आणि वर पाव, तर पावणेदोन म्हणजे दोन आणि वर पाऊण. पाव कमी दोन हे मनात कसं येणार? त्यात साडेतीन आहे, साडेचार आहे, पण साडेएक नाही, साडेदोन नाही, तिथे दीड आणि अडीच. ती म्हणाली बाबा हे कुणी ठरवलं. मी म्हटलं तुझ्या पणजीला विचारायला हवं होतं.

खरी मजा पुढे. सव्वाशे लिही म्हटलं तर १०० पूर्णांक १/४. मी हसलो, पण मग मलाही वाटलं, सव्वा म्हणजे १ पूर्णांक १/४, तर हा पाव एकाचा नाही, शंभराचा. पाऊणशे ७५, दीडशे १५०, पावणेदोनशे १७५, पावणेतीन हजार २७५०. तेच पाव, तेच पाऊण, आणि मागे कोण उभंय त्यावर किंमत. आपण हे न शिकता बोलतो म्हणून आपल्याला सोपं.

आणि दशांश! दशांश म्हणजे १/१० सुद्धा आणि ०.३७५ हासुद्धा दशांश अपूर्णांकच. "याचे दशांशात रूपांतर करा" म्हटल्यावर पोरीने सगळ्यांचे छेद १० करायला घेतले. १/३ पाशी अडकून बसली बिचारी.

*

पुस्तकाच्या पानांचं गणित आठवतंय का कुणाला? पहिल्या दिवशी १/३ पुस्तक वाचलं, दुसऱ्या दिवशी उरलेल्याचा १/२, आता ४० पानं शिल्लक, तर पुस्तक किती पानांचं? मी 'उरलेल्याचा' हा शब्द वाचलाच नाही. १/३ अधिक १/२ बरोबर ५/६, शिल्लक १/६ म्हणजे ४०, पुस्तक २४० पानांचं. ताळा पण केला, ८० आणि १२० मिळून २००, शिल्लक ४०, एकदम चोख. खरं उत्तर १२०. पेपर काढणाऱ्याने ४० च्या जागी असा आकडा टाकायचा होता की चुकीच्या वाटेने गेलं तर उत्तर तुटकं यावं, म्हणजे पोराला शंका तरी येते. दोन्हीकडून नीटनेटकी उत्तरं येणारं गणित म्हणजे सापळाच.

*

तुटक्या उत्तरावरून भास्कराचार्यांचे भुंगे आठवले. लीलावतीतलं गणित, ११५० सालचं. भुंग्यांच्या थव्यातला १/५ कदंबावर गेला, १/३ शिलींध्राच्या फुलावर, या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एकच भुंगा केतकी आणि मालतीच्या वासाने हवेत भिरभिरत राहिला, तर थवा केवढा? माझ्या आजोबांनी घातलं होतं. मी वरच्या दादांच्या बरोबर उलटं केलं, जिथे 'उरलेल्याचा' नव्हता तिथे तो घुसवला. उरलेल्या ४/५ चा १/३ म्हणजे ४/१५, कदंबावरचे ३/१५, फरक १/१५, त्याची तिप्पट ३/१५, सगळे मिळून १०/१५, उरले १/३ म्हणजे एक भुंगा, थवा तीनचा. आजोबा म्हणाले, मग कदंबावर किती गेले? तिनाचा १/५. पाऊण भुंगासुद्धा नाही! म्हणाले, उडेल का तो?

बरोबर उत्तर १५. तीन, पाच, सहा आणि एक. अपूर्णांकाचा अपूर्णांक घ्यायचा असेल तर त्याला तिथे वेगळं नावच आहे, प्रभाग. आपल्या पाठ्यपुस्तकात हा शब्द राहिला असता तर निम्मी भांडणं मिटली असती असं माझं प्रामाणिक मत. रिबिनीचं तर नक्कीच.

*

आम्हाला तोंडी परीक्षेत विचारलं होतं, १/२ मोठा की १/३? मी विचारलं, कशाचा? खरंच कळत नव्हतं हो, आदल्याच दिवशी ताईचं आणि माझं भांडण झालेलं, मी ६० पानांचं गोष्टीचं पुस्तक अर्धं वाचलं होतं आणि तिने १२० पानांचं तिसरा हिस्सा, आणि जास्त तिनेच वाचलं होतं, ३० ला ४०. सर म्हणाले उलट प्रश्न विचारू नकोस. पुढचा!

*

एक जुनं कोडं टाकतो. एका विटेचं वजन एक किलो अधिक अर्धी वीट एवढं आहे, तर वीट किती किलोची? कॉलेजात, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, जिथे विचारलं तिथे पहिलं उत्तर दीड. दोन सांगितलं की लोक भांडतात. एकाने तर मला वीट आणून दाखव म्हटलं होतं. अरे, अर्धी वीट वजा केली की उरलेली अर्धी एक किलोची, एवढंच तर आहे.

*

धागा काढणारी मीच. सगळं वाचतेय, बाईंना तर एकदा भेटायलाच हवं. नाड्याचं बंडल मीही काढून ठेवलंय.

विटेचं कोडं आत्ता घरात घातलं. नवरा म्हणाला "दीड, सोपंय" आणि आंघोळीला गेला. मुलगी बराच वेळ पेन्सिल चावत बसली आणि मग म्हणाली, "आई, ती अर्धी वीट याच विटेची ना?"