डिप्लोमा झालेल्या मुलाने दीड लाख भरून 'सोलरचा कोर्स' करावा का? माझं मत : नको

खटावकर
भाच्याचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा यंदा पूर्ण झाला. पुण्यातल्या एका खासगी संस्थेने त्याच्या गळी 'अक्षय ऊर्जा आणि शाश्वत विकास' असा एक वर्षाचा कोर्स उतरवलाय. फी दीड लाख, राहणं-खाणं वेगळं. ताई म्हणते पुढचा जमाना याचाच आहे, कर्ज काढू. मी विरोधात आहे. का ते मांडतो, खोडून काढा.

जमाना याचा आहे यावर वादच नाही. २०२१ मध्ये ग्लासगोला भारताने २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू न जाळता वीज करणाऱ्या) क्षमतेचं लक्ष्य जाहीर केलं आणि २०२५ च्या मध्यापर्यंत देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म झालासुद्धा. पण मेगावॅट वाढले म्हणून कायमच्या नोकऱ्या त्याच पटीत वाढत नाहीत. कोळशाच्या केंद्रात कोळसा उतरवण्यापासून राख उचलण्यापर्यंत रोज माणसं लागतात. सोलर प्लांटवर उभारणीचे काही महिने जत्रा भरते, नंतर कोण उरतं? वॉचमन, पॅनल धुणारे, एखाद-दुसरा टेक्निशियन. आकडे बघणारा इंजिनीअर दुसऱ्याच शहरात स्क्रीनसमोर. धुण्याच्या कामावरही आता रोबो आलेत.

म्हणून माझं म्हणणं, पोरगा इलेक्ट्रिकलचा आहे तोच राहू दे. विजेच्या कामाचा परवाना काढावा, ३३/११ केव्हीच्या सबस्टेशनच्या कामावर दोन वर्षं घासावीत. सोलर काय, पवनचक्की काय, शेवटी वीज ग्रिडलाच सोडायची आहे. आणि सोलर शिकायचंच असेल तर केंद्र सरकारने २०१५ पासून राबवलेला सूर्यमित्र कार्यक्रम आहे, ६०० तासांचा, विनाशुल्क. जवळपास बॅच आहे का ते आधी बघावं. दीड लाख कशाचे?

गच्चीवाला
कोर्सबद्दल सहमत, बाकीच्याबद्दल अजिबात नाही.

तुम्ही सोलर म्हटलं की माळरानावरचा प्लांटच डोळ्यांसमोर आणताय. माझा धंदा घरांच्या छतांवरचा, बारामती-फलटण पट्ट्यात. २०२४ ला सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान, तेव्हापासून चौकशा थांबत नाहीत. शंभर मेगावॅटचा प्लांट एका जागी उभा राहतो, तेवढेच शंभर मेगावॅट छतांवर करायचे तर तीन-तीन किलोवॅटची तेहतीस हजार घरं होतात. प्रत्येक घरी सर्व्हे, स्ट्रक्चर, वायरिंग, अर्थिंग, महावितरणचे कागद, मीटर. यात माणूस लागत नाही म्हणता?

आणि 'इलेक्ट्रिकलवाला आपोआप शिकेल' हे तर सोडूनच द्या. गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या कोणीतरी बसवलेली सिस्टीम बघायला बोलावलं होतं. पॅनल उत्तम, इन्व्हर्टर उत्तम. पॅनलच्या वायरी एकमेकींना जोडणारे एमसी-४ कनेक्टर मात्र क्रिंपिंग टूलने न दाबता पक्कडीने दाबलेले, वर एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी. बसतात एकमेकांत, टक् असा आवाजही येतो, पण आतली पकड नीट नसते. तिथे तापून तापून प्लास्टिक काळं पडलं होतं. घरातल्या एसी विजेत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी तुटायला संधी मिळते. पॅनलमधून येते ती डीसी, तिच्यात शून्य येतच नाही, आर्क (सलग ठिणगी) धरला की धरला. आणि पॅनलला मेन स्विच नसतो, ऊन आहे तोवर तो वीज देतच राहणार. ही जोडणी करणारा गडी घरगुती वायरिंगमध्ये मुरलेला होता.

तेव्हा वेगळं शिक्षण लागतंच. फक्त ते दीड लाखाला पीपीटीवर मिळत नाही.

पठारावरचा
मी दुसऱ्या बाजूने खटावकरांनाच पाठिंबा देतो.

साताऱ्याच्या पठारावर चाळकेवाडी, वनकुसवडे इथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा आमच्याकडेही 'पुढचा जमाना' होता. पण ती तेजी बऱ्याच अंशी करामुळे होती. उद्योगपती पवनचक्की घ्यायचे कारण किमतीच्या ८० टक्के घसारा पहिल्याच वर्षी दाखवून कर वाचवता यायचा. २०१७ च्या एप्रिलपासून तो ४० वर आला. त्याच्या दोनच महिने आधी पवनविजेचा पहिला लिलाव (जो कमी दर लावेल त्याला काम) झाला होता आणि वीजदर ३ रुपये ४६ पैशांवर आला. त्याआधी राज्य वीज आयोग दर ठरवून द्यायचे, तो जमाना संपला. २०१६-१७ मध्ये देशात साडेपाच हजार मेगावॅट पवन उभारलं गेलं, पुढच्या वर्षी पावणेदोन हजारांच्या आसपास. एका वर्षात! वारा तोच होता, डोंगर तेच होते. उभारणीच्या टीममधले आम्ही मात्र घरी. कंपनीचं नाव घेत नाही, पण शेवटचे काही पगार अजून यायचेत.

माझ्याबरोबरचे जे विजेचे पक्के होते ते आज रेल्वेच्या विद्युतीकरणात, डेटा सेंटरमध्ये, महापारेषणच्या ठेकेदारांकडे आहेत. ज्यांनी फक्त 'विंड'चं सर्टिफिकेट मिरवलं ते अजून विंडचीच वाट बघतायत. क्षेत्राला धोरणाची नाडी बांधलेली असते. पोराने कौशल्य घ्यावं, क्षेत्राशी लग्न लावू नये.

सोशिक
दीड लाखात तीन किलोवॅट बसवून घ्या, अनुदान परत मिळेल. प्लेसमेंट पॅनलची तरी शंभर टक्के होईल.

ईएसजीवाली
धाग्यात सगळे तार-पाना घेऊनच बसलेत. 'शाश्वत विकास' हा कोर्सच्या नावातला उरलेला अर्धा भाग, त्यावर मी लिहिते. एमएस्सी पर्यावरणशास्त्र, सध्या पुण्यात एका सल्लागार फर्ममध्ये.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर अहवाल सक्तीचा केला. पर्यावरण, कामगार, कारभार या सगळ्याचा हिशेब त्यात द्यावा लागतो. त्यामुळे आमच्याकडे काम आलं, हे खरं. पण ते काम कसं असतं? बारा महिन्यांची वीजबिलं, जनरेटरच्या डिझेलच्या पावत्या, टँकरची नोंदवही. कारखान्यातला माणूस युनिटच्या रकान्यात रुपये लिहून पाठवतो, आपण फोन करून करून दुरुस्त करायचं. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरून गुणाकार करायचा. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, मला आवडतं, कारण आकड्यांत चोरी सापडते. पण झाडं लावायच्या स्वप्नाने आलेली मुलं सहा महिन्यांत पळतात.

मात्र 'धोरणावर अवलंबून म्हणून टाळा' हे पठारावरच्यांचं म्हणणं मला पटत नाही. बँकेची नोकरीही धोरणावर, साखर कारखान्याची तर नखशिखान्त. युरोपात आयात होणाऱ्या मालाच्या उत्सर्जनावरच्या कार्बन करव्यवस्थेत ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, जानेवारी २०२६ पासून तिचा खरा टप्पा सुरू झालाय. लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं त्यात येतात. कोल्हापूर-सांगलीकडचा प्रत्येक निर्यातदार त्यात अडकत नाही, पण ज्यांचा माल त्या यादीत बसतो त्यांना टनामागे किती उत्सर्जन हे सांगणारा माणूस हवाच. हे धोरण दिल्लीचंही नाही, मुंबईचंही नाही, त्यामुळे इथलं सरकार बदललं म्हणून ते जाणार नाही.

आणि खटावकर, भाचा इलेक्ट्रिकलचा आहे तर ऊर्जा लेखापरीक्षणाचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? ऊर्जा दक्षता ब्युरोची राष्ट्रीय परीक्षा असते. पदवीधर अभियंत्याला तीन वर्षांच्या अनुभवानंतर बसता येतं. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने मोठ्या कारखान्यांना ऊर्जा व्यवस्थापक नेमावाच लागतो. थेट दुसऱ्या वर्षाला बीई करावं, नंतर ही परीक्षा. दीड लाख तिथे घाला.

जतचा शेतकरी
तुमच्या चर्चेत पुणं, सातारा, युरोप सगळं आलं. आमच्या शिवारात काय चाललंय ते ऐका.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' मधून दहा टक्के भरून पाच एचपीचा पंप घेतला. दिवसा पाणी मिळतं, रात्री बॅटरी घेऊन शेतात जायचं बंद झालं, याबद्दल कुणी वाकडं बोललेलं मी ऐकून घेणार नाही. पण कंट्रोलर (पॅनलच्या विजेवर पंप चालवणारी पेटी) बंद पडला तेव्हा कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवली आणि द्राक्षं तहानलेली ठेवून माणसाची वाट बघितली. माणूस आला तो दोन तालुक्यांना मिळून एकटा. त्याला बिचाऱ्याला जेवायलाही वेळ नव्हता, मीच भाकरी दिली.

आता हिशेब करा. पॅनल टिकणार पंचवीस वर्षं. पुरवठादाराची दुरुस्तीची जबाबदारी पाच वर्षं. पुढची वीस वर्षं कोण बघणार? मोटार रिवाइंडिंगवाला प्रत्येक मोठ्या गावात आहे, सोलर पंपाचा कंट्रोलर उघडून बघणारा एक नाही. खटावकरांच्या भाच्याने दीड लाखात मोटारसायकल, मीटर, टूलकिट आणि तालुक्याच्या गावी गाळा घ्यावा. पीक वाळायला लागल्यावर शेतकरी भाव करत बसत नाही.

खटावकर
जतकर, मुद्दा बिनतोड वाटतो, पण पाच वर्षांनी येणाऱ्या गिऱ्हाइकावर आज पोराचं पोट कसं भरणार? अजून बरेच पंप हमीच्या मुदतीत आहेत. आणि सुटे भाग? प्रत्येक कंपनीचा कंट्रोलर वेगळा, बोर्ड बाजारात मिळत नाही. नुसता मीटर घेऊन तो काय करणार?

ईएसजीवाली ताई, बीईचं त्याच्याशी बोलतो. हे खरंच सुचलं नव्हतं.

जतचा शेतकरी
हमी कागदावर आहे, पाणी आज पाहिजे. बोर्ड राहू द्या. निम्म्या तक्रारी सुटलेली वायर, उंदराने खाल्लेली केबल, वाऱ्याने हललेलं स्ट्रक्चर, नाहीतर पंपात गाळ, अशाच असतात. बोरातून पंप वर काढायलाच माणसं मिळत नाहीत.

श्टुटगार्टकर
पठारावरच्यांच्या मुद्द्याला इथून पुरावा देतो. जर्मनीने २००० च्या कायद्याने सोलरला ठरावीक दर दिले, कारखाने धडाधड उभे राहिले. पुढे दर कापले, चीनमधून स्वस्त पॅनल आले आणि २०१७ मध्ये सोलरवर्ल्डसारखी मोठी उत्पादक कंपनीसुद्धा दिवाळखोरीत गेली. पॅनल बनवणारे हजारो बेकार झाले. पण त्याच देशात आज छतावर पॅनल बसवणारा इलेक्ट्रिशियन मिळत नाही म्हणून लोक रडतायत! उत्पादन देश बदलू शकतं, छप्पर जागचं हलत नाही.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केलाय. पण जर्मन भाषा बी-१ (मध्यम) पातळीपर्यंत आल्याशिवाय कामावर सुरक्षेची सूचनाही कळत नाही. दीड लाखातले निम्मे जर्मन शिकायला घातले तर मी त्याला शहाणा म्हणेन.

पठारावरचा
श्टुटगार्टकर, तुम्ही माझ्या नावावर माझ्याच विरोधातला पुरावा दिलात :)

तरी एक सांगतो. पवनचक्कीत देखभालीचं काम संपत नाही. साताऱ्यात वारा जून ते सप्टेंबर जोरात, म्हणजे मशिन बंद पडून चालत नाही तेही तेव्हाच. धुक्यात पठारावर जायचं, जुन्या टॉवरला लिफ्ट नाही, आतल्या शिडीने ऐंशी मीटर चढायचं, कमरेला हार्नेस, शिडीच्या रुळावर सरकणारा, पडताना अडवणारा फॉल अरेस्टर, वर गेलं की नॅसेलमध्ये (पात्यांमागच्या यंत्रांच्या खोलीत) हायड्रॉलिक तेलाने सगळं निसरडं. हे काम आमच्याच गावांतली पोरं करतात आणि बहुतेकजण ठेकेदाराच्या हजेरीपटावर. मूळ कंपनीच्या पगारात आणि त्यांच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक. तेव्हा 'संधी आहे का' हा प्रश्न अपुरा आहे. गच्चीवाले, तुम्हालाच विचारतो : तुमच्याकडच्या पोरांना पीएफ आहे का? छतावरून पडला तर विमा? पावसाळ्यात काम नसतं तेव्हा पगार?

गच्चीवाला
विचारलंत ते बरं केलंत, सरळ सांगतो. नवीन पोराला पंधरा-सोळा हजार. पीएफ कायम असलेल्यांना आहे, रोजंदारीवरच्यांना नाही. अपघात विमा सगळ्यांचा आहे, कारण एकजण पत्रा फुटून खाली गेला होता, पाय मोडला, तेव्हापासून विम्याशिवाय कुणाला छतावर चढवत नाही. पावसाळ्यात कायम माणसांना पगार चालू, रोजंदारीवाले शेतीला जातात. अनुदान ग्राहकाच्या खात्यात उशिरा येतं, तो माझे शेवटचे पैसे अडवून धरतो, मग माझेही पगार पाच-सहा तारखेला न होता पंधराला होतात. हेही लिहून ठेवा.

खटावकर, भाच्याला पाठवा. पहिले तीन महिने फक्त स्ट्रक्चर आणि अर्थिंग करेल, इन्व्हर्टरला हात लावू देणार नाही. टिकला तर कनेक्टरपासून महावितरणच्या तपासणीपर्यंत सगळं शिकवीन. फी नाही, वर पगार. अट एकच, तीन महिन्यांत पळाला तर दिलेलं टूलकिट परत करायचं. आधीचे दोघं घेऊन गेलेत.

ईएसजीवाली
आणि बीई? ते याच्या नादात राहून जाईल. थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची मुदत बघा आधी.