मदत हवी आहे: भीती मोजायच्या फॉर्मवर सगळ्यांचा स्कोअर ५ च का येतोय?

दाढदुखी_ताई: तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना आहे माझा. मोठ्या माणसांची भीती आधीच कळावी म्हणून एमडीएएस (दातांच्या उपचाराची भीती मोजायची प्रश्नावली) फॉर्म मराठीत करून सुरू केला. तीन आठवडे झाले, बहुतेकांचा स्कोअर ५ नाहीतर ६, म्हणजे भीती जवळजवळ नाहीच. आणि हीच माणसं खुर्चीत बसली की हात मुठी आवळून. काल पन्नाशीचे एक काका, गाल सुजलेला, स्कोअर ५. मी सिरिंज भरतेय तोवर "ताई, जरा जाऊन येतो" म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. टोपी खुर्चीच्या हातावर तशीच. दुसरा कुठला स्केल चांगला ते लवकर सांगा. सोमवारी त्यांना फोन करायचाय.

पीजी_दुसरं_वर्ष: प्रश्न कोणते घेतलेत? मूळ पाच आहेत: उद्या उपचार आहे, वेटिंगमध्ये बसलाय, ड्रिल होणार, स्केलिंग (दातांची सफाई) होणार, वरच्या दाढेच्या हिरडीत इंजेक्शन. प्रत्येकाला १ ते ५, एकूण ५ ते २५. १९ किंवा वर म्हणजे भीती फार.

दाढदुखी_ताई: हो हो, तेच पाच.

जुना_हात: तीस वर्षं प्रॅक्टिस केली, एकदाही फॉर्म भरून घेतला नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावा, नाडी खोटं बोलत नाही.

पीजी_दुसरं_वर्ष: सर, जिना चढून आला, आत्ताच तंबाखू खाल्ली, तरी नाडी वाढते. आणि बीपीसाठी बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी गोळी) चालू असेल तर घाबरूनही वाढायची नाही.

जुना_हात: मग माणसाचा चेहरा बघा. पुस्तकात नसतो तो.

मीराची_आई: माझी मुलगी सहा वर्षांची आहे, दुधाची दाढ किडलीय. पडणारच आहे तर भरायची का?

पीजी_दुसरं_वर्ष: भरायला हवी, ती दाढ साधारण दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत राहते. पण वेगळा धागा काढा, प्लीज.

ड्रिलचा_आवाज: मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. आठ वर्षं दात दाखवला नव्हता. ताई, फॉर्म भरतं कोण?

दाढदुखी_ताई: बऱ्याच जणांना वाचायला जमत नाही, म्हणून काउंटरवरची मुलगी मोठ्यानं वाचते आणि टिक करते.

ड्रिलचा_आवाज: बाकावर बाकीचे बसलेले असताना?

दाढदुखी_ताई: हो, जागाच तेवढी आहे.

ड्रिलचा_आवाज: अहो मग! शेजारी सून बसलीय, समोर गावातली चार माणसं, आणि एक पोरगी विचारतेय "काका, इंजेक्शनची भीती वाटते का?" कोण हो म्हणेल? मीसुद्धा नाहीच म्हटलं असतं.

पीजी_दुसरं_वर्ष: हे पटलं. आणि स्केलिंग कधी केलंच नसेल तर त्या प्रश्नालाही "अजिबात नाही"च येणार. आधी काय करतात ते सांगा.

कोकणातला_डेंटिस्ट: "भीती" शब्दच काढा. मी "धाकधूक होते का" विचारतो, पुरुषसुद्धा मोकळं बोलतात.

पीजी_दुसरं_वर्ष: दवाखान्यापुरतं चालेल, पण शब्द बदलले की १९ चा आकडा जसाच्या तसा धरू नका. थीसिसला तर उलट भाषांतर (मराठीचं परत इंग्रजी) करून तपासावंच लागेल. आणि जुना कोराहचा १९६९ चा स्केल घेऊ नका. त्यात चारच प्रश्न, इंजेक्शनचा नाहीच. तो प्रश्न १९९५ च्या एमडीएएसमध्ये आला, आणि तुमचे काका तर सुईलाच उठले.

जुना_हात: स्केलचं राहू द्या. गालावर सूज आहे आणि तुम्ही सोमवारची वाट बघताय? ताप आहे का, तोंड उघडतंय का, गिळता येतंय का, हे आत्ता विचारा. ताप असेल, किंवा तोंड उघडत नसेल, किंवा गिळता येत नसेल, तर सरळ हॉस्पिटलला पाठवा.

दाढदुखी_ताई: बरोबर आहे सर. लावते.

दाढदुखी_ताई: सुनेनं उचलला. ताप नाही, तोंड उघडतंय, जेवलेत. मग काका स्वतः बोलले, मी धाकधुकीचं विचारलं. म्हणाले, तरुणपणी बधिर न होताच दाढ ओढली होती. उद्या साडेनऊला येतायत, बाकी कोणी यायच्या आत. फॉर्म आता आतल्या एक्स-रेच्या खोलीत, दार लावून, मीच विचारणार. टोपी ड्रॉवरमध्ये ठेवलीय.