अनुभव धागा: मुलांचा जीपीए कॉलेजं कसा वाचतात?

माझी लेक न्यू जर्सीत दहावीत आहे. शाळेच्या पोर्टलवर तिचे दोन जीपीए (ग्रेडची सरासरी, ए म्हणजे 4) दिसतात: अनवेटेड (सगळे विषय सारखे) 3.7, वेटेड (अवघड विषयांना जादा गुण) 4.3. मी आणि नवरा टक्क्यांच्या जमान्यातले, त्यामुळे कॉलेज कुठला आकडा धरतं यावरून घरात रोज चर्चा. अकरावीत चार एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय) घ्यायचे की दोनच, ते यावरून ठरेल. ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी कृपया लिहा.

*

ताई, आमचा मुलगा कॅलिफोर्नियात शिकला. शाळेचा वेटेड 4.4 होता, पण यूसी (कॅलिफोर्नियाचं सरकारी विद्यापीठ) स्वतःचा हिशेब करते. दहावी-अकरावीचे (आणि आजूबाजूच्या उन्हाळ्यांचे) ग्रेड, तेही त्यांच्या ए-जी यादीतल्या (प्रवेशासाठी लागणाऱ्या) विषयांचेच. पीई (शारीरिक शिक्षण) धरत नाहीत. प्लस-मायनस पुसतात, म्हणजे ए-मायनसला पूर्ण 4 आणि बी-प्लसला 3च. एपी आणि ऑनर्सचा (शाळेचे वरच्या पातळीचे वर्ग) जादा गुण फार तर आठ सेमिस्टर ग्रेडना, त्यात दहावीचे चारच. मुलाचे 18 ए आणि 6 बी: 90 अधिक 8, भागिले 24, झाले 4.08. मी दोनदा गणित केलं तेव्हा पटलं. तुम्ही राज्याबाहेरच्या, म्हणून सांगते: तुमच्या शाळेच्या ऑनर्सला तिथे जादा गुण नाही, एपी आणि आयबीलाच (आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) आहे.

*

आम्ही डॅलसजवळ राहतो. इथे सगळ्यांचं लक्ष वर्गातल्या रँकवर. टेक्ससच्या 1997च्या कायद्याने वर्गातल्या वरच्या 10 टक्क्यांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. यूटी ऑस्टिनची रेषा मात्र त्याहून वर, लेकीच्या वेळी 6 टक्के. ती सातव्या टक्क्यात होती. चार वर्षं ऑर्केस्ट्रात चेलो वाजवला, आणि त्या विषयाला आमच्या शाळेत जादा वजन नव्हतं. ए मिळूनही वेटेड सरासरी खाली यायची. काउन्सेलरने सोडायला सुचवलं, तिने सोडलं नाही. टेक्सस ए अँड एममध्ये थेट प्रवेश मिळाला. इंजिनिअरिंगसाठी वेगळी छाननी असते, तीही पार पडली. चेलो हॉस्टेलवर सोबत नेलाय.

*

आम्ही पुण्याहून मुलाच्या दहावीनंतर आलो. एसएससीला 84 टक्के. इथल्या शाळेने त्याचा सरळ बी करून ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर) टाकला. आपल्या बोर्डाचे 84 आणि इथले 84 एक नव्हेत, हे सांगताना माझा आवाज चढला होता, खोटं कशाला बोलू. नंतर कळलं की कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) ग्रेड शाळेने दिलेत तसेच लिहायचे, आपण रूपांतर करायचं नाही. आम्ही मूळ गुणपत्रक जोडायला लावलं आणि काउन्सेलरने पत्रात दोन ओळी लिहिल्या. बाहेरून आलेल्यांनी हे पहिल्याच महिन्यात करून घ्या. आमचे आठ महिने गेले.

*

बारावीकडे दुर्लक्ष नको. प्रवेश मिळाल्यावरही शेवटचे ग्रेड मागवतात. भाचीला एक डी आला आणि जूनमध्ये खुलासा मागणारं पत्र आलं. आजारपणाचे कागद होते म्हणून जागा वाचली.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. काउन्सेलरकडून शाळेचं प्रोफाइल मागवलं. अर्जासोबत कॉलेजला तेच जातं: शाळेत किती एपी आहेत, वजन कसं देतात, सगळं त्यात. आमच्या शाळेत अकरावीला पाचच एपी घेता येतात. लेकीने तीन निवडलेत, आणि मराठी नाटकाची तालीम चालू ठेवणार आहे.