चिंपांझीच्या हुशारीवरून माणसाची उत्क्रांती ठरवायची का?

घाटमाथा

चिंपांझींचा जंगलात राहून अभ्यास करणाऱ्या जेन गुडॉल ऑक्टोबर २०२५ मध्ये गेल्या, तेव्हापासून आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर चिंपांझींच्या व्हिडिओंचा पूर आलाय. वारुळात काडी घालून वाळवी काढणारा चिंपांझी, पडद्यावरचे आकडे पटापट दाबणारा चिंपांझी, आणि खाली ठरलेली ओळ: "माणूस यांच्यातूनच आला, अजून काय पुरावा हवा?"

मला तर हा पुरावाच वाटत नाही.

आधीच सांगून टाकतो, उत्क्रांती मला शंभर टक्के मान्य आहे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांपैकी कुणीच सांगितलेलं नाही, सबब डार्विन चूक. त्या पंगतीला मला बसवू नका. उत्क्रांतीचा भक्कम पुरावा जीवाश्मांत आणि डीएनएत आहे. आपल्या दोन नंबरच्या गुणसूत्रात दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जुळल्याची खूण आजही दिसते. चिंपांझीत ती दोन अजून सुटीच आहेत. एवढं हातात असताना माकडचेष्टा कशाला हव्यात?

चिंपांझी उद्या ठार मठ्ठ निघाला तरी नातं तेच राहणार. आणि न्यू कॅलेडोनियातला कावळा डहाळीला आकडी करून झाडाच्या भोकातल्या अळ्या बाहेर काढतो, म्हणून आपण कावळ्यापासून झालो का?

दुसरं म्हणजे आपल्या आणि चिंपांझीच्या वाटा फुटल्याला साधारण ६० ते ७० लाख वर्षं झाली. तेवढा काळ तेही बदलतच आलेत. चुलतभावाच्या सवयी बघून पणजोबा कसे होते ते सांगण्यातला हा प्रकार.

शिकवलेल्या एपांचं (म्हणजे चिंपांझी, ओरांगउटान अशा बिनशेपटीच्या वानरांचं) तर बोलूच नका. हर्बर्ट टेरेस यांनी १९७३ पासून निम नावाच्या चिंपांझीला खुणांची भाषा शिकवली. त्याचं सगळ्यात लांब 'वाक्य' १६ खुणांचं, आणि त्यात काय, तर दे, संत्रं, मला, खा, पुन्हा दे, पुन्हा संत्रं. १९७९ मध्ये टेरेसनीच लिहिलं की ही भाषा नाही, बरीचशी शिक्षकाची नक्कल आहे.

मतं येऊ द्यात.

शेंगदाणा चिक्की

+१. माथेरानला एका माकडानं माझ्या हातची बाटली हिसकावून झाकण फिरवून उघडली. हाही पुरावा धरायचा का? (हलके घ्या.)

तिखटमीठ

चिक्की, ते माकड, एप नव्हे. शेपूट बघायची. त्यांची आणि आपली वाट अडीच कोटी वर्षांच्याही आधी फुटली. आपल्या देशात एप म्हणाल तर फक्त गिबन, तोही ईशान्येत. अवांतर संपलं.

मृद्गंध

घाटमाथा, नातं ठरवायला हुशारी लागत नाही हे मान्य. पण उत्क्रांती झाली का हा एक प्रश्न आणि कशी झाली, आधी काय आलं नि नंतर काय, हा दुसरा. तुम्ही पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा गुंडाळून ठेवलात. हाडं अर्धीच गोष्ट सांगतात. आईनं पोराला काय नि कसं शिकवलं ते दगडात उमटत नाही. पणजोबांचा फोटोच नसेल तर चुलतभावांकडेच जावं लागतं. फक्त एकाकडे जाऊन भागत नाही, सगळ्यांकडे जायचं.

१९६० मध्ये टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात गुडॉलना डेव्हिड ग्रेबियर्ड नावाचा चिंपांझी दिसला. तो डहाळी मोडायचा, पानं ओरबाडून ती साफ करायचा आणि मग वारुळात घालायचा. म्हणजे नुसतं वापरणं नाही, बनवणंही. तोवर 'हत्यार बनवतो तो माणूस' ही व्याख्या बिनधोक चालली होती. १९६४ मध्ये होमो हॅबिलिस ही आदिमानवाची जात आपल्या, म्हणजे होमो वंशात धरली गेली, त्यातही दगडी हत्यारांचं वजन होतं.

आता पुढे बघा. केनियात लोमेक्वी इथे ३३ लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं मिळाली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. होमो वंशाचं सर्वांत जुनं हाड साधारण २८ लाख वर्षांचं. मग ती हत्यारं केली कुणी? जवळपास चिंपांझीएवढाच मेंदू असलेल्या कुणीतरी. गोम्बे माहीत नसतं तर हे कुणाच्या गळी उतरलं असतं का?

उलट बाजूही आहे. ब्राझीलमधली कॅपुचिन माकडं दगडावर दगड हाणतात आणि त्यातून धारदार कपच्या निघतात, थेट आदिमानवाच्या कपच्यांसारख्या. माकडं त्या वापरत मात्र नाहीत, तिथेच टाकून जातात. हे २०१६ मध्ये छापून आलं. म्हणजे कपची सापडली की 'माणूस!' म्हणून ओरडायची सोय गेली. हा मानवी उत्क्रांतीशी संबंध नाही तर काय?

घाटमाथा

मृद्गंध, मुद्देसूद प्रतिसाद. पण 'सगळ्या चुलतभावांकडे जायचं' यातच तुमची अडचण आहे.

आपल्याला सारखेच जवळचे दोन भाऊ आहेत, चिंपांझी आणि बोनोबो. काँगो नदीच्या अल्याड-पल्याड राहतात. चिंपांझींत नरांचं राज्य, शेजारच्या टोळीवर चालून जाऊन खून पाडण्यापर्यंत मजल. बोनोबोंत माद्यांचा वरचष्मा, आणि टोळ्या बऱ्याचदा एकत्र बसून खातात. चिंपांझी जंगलात ढीगभर हत्यारं वापरतात, बोनोबो जवळजवळ नाहीच. आता पणजोबा कुणासारखे? ज्याला जसा माणूस हवा तसा तो भाऊ निवडतो. युद्ध आपल्या रक्तातच आहे म्हणणारे चिंपांझी काढतात, प्रेमवाले बोनोबो काढतात. याला विज्ञान म्हणायचं की कौल लावणं?

मृद्गंध

निवड करायचीच नसते, तीच तर गंमत आहे. काय करतात आणि काय करू शकतात, हे वेगवेगळं बघायचं.

कांझी आठवा. बोनोबो, जन्म १९८०, मार्च २०२५ मध्ये गेला. त्याच्या पालक-आईला, मटाटाला, चिन्हांचा फलक वापरायला शिकवत होते. तिला काही ते जमलं नाही. हा पोरगा आसपास खेळत असायचा, त्याला कुणी शिकवतच नव्हतं. एक दिवस तो आपणहून चिन्हं दाबायला लागला. तुमच्या निमला धडे देऊन जे आलं नाही ते याला नुसतं लहानपणी सोबत राहून आलं.

१९९० मध्ये निक टॉथ या पुरातत्त्वज्ञानं त्याला दगड फोडून दाखवला. दोरीनं बांधलेल्या पेटीत खाऊ, दोरी कापायला धारदार कपची हवी. कांझी दगडावर दगड मारायचा, पण हात हवा तसा बसेना. मग त्यानं स्वतःची युक्ती काढली, दगड सरळ फरशीवर आपटायचा. तसं करू नये म्हणून फरशीवर गालिचा अंथरला, तर या पठ्ठ्यानं गालिचा बाजूला सारून उघडी फरशी शोधली. त्याच्या कपच्या आदिमानवाच्या तोडीच्या नव्हत्याच, आणि ते आपल्याला कळलं तेही ही तुलना केली म्हणूनच.

जंगलातले बोनोबो हत्यारं वापरत नाहीत, पण कुवत आहे. चिंपांझीत आहे, सुमात्राच्या ओरांगउटानमध्येही आहे. मग प्रत्येकानं ती स्वतंत्रपणे कमावली म्हणण्यापेक्षा सामाईक पूर्वजाकडून आली म्हणणं सोपं. तुमच्या कावळ्याचं उत्तरही यातच आहे. पोपट, शहामृग, कोंबडी सोडून एकटा कावळा आपल्याशी जुळतो, तेव्हा ते वेगळं घडलेलं असतं. जवळची सगळी भावकी जुळते तेव्हा नाही.

यात्रेकरू

एवढं शिकवून शेवटी दोरीच कापली ना? माणूस मुळातच वेगळा आहे, तुमच्याच चर्चेतून सिद्ध होतंय.

तिखटमीठ

यात्रेकरू, आजपासून गारगोटी फोडून एक दोरी कापून दाखवा. बघू किती दिवस लागतात.

बाराखडी

मी दहावीला विज्ञान शिकवते. आपल्या राज्याच्या पुस्तकात भाग दोनचा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. एनसीईआरटीनं २०२३ मध्ये दहावीतून उत्क्रांती काढली तेव्हा १,८०० हून जास्त वैज्ञानिकांनी नि शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं, ते आठवत असेल. वर्गात दरवर्षी तोच प्रश्न येतो, "मग आताची माकडं माणूस का होत नाहीत?" त्यामुळे घाटमाथांचं म्हणणं मला कळतं. हुशार चिंपांझीचा व्हिडिओ दाखवला की पोरांना वाटतं, तो वाटेतच आहे, अजून थोडा अभ्यास केला की पोचेल.

पण सगळे हुशारीवरच का भांडताय? शिकण्याची रीत बघा. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन यांचा २००५ चा एक प्रयोग आहे. एक पेटी, वर एक भोक, पुढे एक भोक. प्रयोग करणारा काठीनं आधी वरच्या भोकात ठोकतो, मग पुढच्या भोकातून खाऊ काढतो. पेटी काळी असेल तर चिंपांझीही सगळं तसंच करतात. मग तीच पेटी पारदर्शक घेतात. आता स्वच्छ दिसतं की वरच्या भोकाखाली आडवी फळी आहे, तिथे ठोकून काही होत नाही. चिंपांझी ते ठोकणं सोडून देतात आणि थेट खाऊ काढतात. तीन-चार वर्षांची मुलं? दिसत असूनही ठोकतात. मोठ्यांनी केलं ना, मग करायचंच.

हे वाचून मी आधी हसले. पण आपल्याकडची किती कामं अशी आहेत की का ते करणाऱ्याला सांगता येत नाही, तरी तसंच केलं की जमतं! कारण न विचारता उचललं म्हणूनच आधीच्या पिढीचं सगळं ओझं पुढे गेलं असेल. हे चिंपांझी नसता तर कशाशी ताडून पाहिलं असतं?

घाटमाथा

बाराखडी, प्रयोग मस्त आहे. पण त्यात चिंपांझी माणसाची नक्कल करतोय, आणि मूल माणसाची. हीच खोट २००७ च्या त्या गाजलेल्या चाचणीत होती: १०६ चिंपांझी, ३२ ओरांगउटान, अडीच वर्षांची १०५ मुलं. जागा, संख्या, कार्यकारण यांत मुलं नि चिंपांझी बरोबरीचे. बघून शिकण्यात मुलं कुठच्या कुठे पुढे. पण मुलांच्या समोर त्यांच्याच जातीचा परीक्षक, शिवाय आई किंवा बाबा खोलीत. चिंपांझी मात्र अभयारण्यातले, बरेचसे अनाथ. अशा परीक्षेचा निकाल मी लावणार नाही.

उलटतपास

मग चिंपांझीकडून चिंपांझी शिकल्याचा प्रयोग घ्या. झांबियातलं चिमफुन्शी अभयारण्य, २०२४. जमिनीवरून लाकडी चेंडू उचलायचा, खण ओढून उघडा धरायचा, चेंडू आत टाकायचा, खण बंद करायचा, की शेंगदाणे मिळतात. ६६ चिंपांझी, तीन महिने, एकालाही जमलं नाही. मग प्रत्येक गटातल्या एकीला शिकवलं, तिचं बघून १४ जण शिकले. एकट्याला सुचणार नाही ते दुसऱ्याकडून घेता येतं, म्हणजे संस्कृतीचा पायाच तो.

घाटमाथा

तोच प्रयोग मला हवा होता! त्याच दिवशी आणखी एक शोधनिबंध आला होता, लंडनचा. दोन टप्प्यांचं कोडं, एकट्याला न सुटणारं, शिकवलेल्या जोडीदाराचं बघून इतरांनी सोडवलं. प्राणी कोण होता? भुंगा. बंबलबी. मेंदू टाचणीच्या टोकाएवढा. आता भुंग्याचे नि आपले सामाईक पूर्वज शोधायला ५० कोटी वर्षांच्याही मागे जा. संस्कृतीचा पाया भुंग्यातही असेल तर चिंपांझीचं वेगळं कौतुक कशाचं?

मृद्गंध

भुंग्यामुळे एवढंच कळतं की बघून शिकायला मोठा मेंदू लागत नाही. पण मग आपल्यात नेमकं काय जास्त आलं, हा प्रश्न आणखी टोकदार होतो, आणि तो सोडवायला भुंगा कामाचा नाही.

आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात चिंपांझी दगडानं कवचाची फळं फोडतात. पोरांना नीट जमायला वर्षं लागतात. तिथेच उत्खननात ४,३०० वर्षांपूर्वीचे असे दगड निघाले. गिनीत बोसूचे चिंपांझी फोडतात, जवळच्याच सेरिंगबाराच्या चिंपांझींना फळं नि दगड समोर ठेवले तरी ते फोडत नाहीत. म्हणजे परंपरा आहे, पिढ्यान् पिढ्या टिकते. पण ४,३०० वर्षांत त्यात भर पडल्याचं दिसत नाही.

बाराखडी

हेच म्हणत होते! टिकवणं त्यांच्याकडे आहे, भर घालणं आपल्याकडे.

मृद्गंध

थांबा, एवढं सोपं नाही. आपल्या पूर्वजांची ओल्डुवान हत्यारं, म्हणजे दगड फोडून काढलेल्या साध्या कपच्या, २६ लाख वर्षांपूर्वीची. पुढची सुबक हातकुऱ्हाड येते १७-१८ लाख वर्षांपूर्वी. मधली आठ लाख वर्षं तीच कपची. म्हणजे भर घालण्याची खोड आपल्यातही फार उशिरा आली. सुरुवातीचा होमो या बाबतीत आजच्या मुलापेक्षा ताईच्या चिंपांझीला जवळचा असावा, असं माझं मत.

घाटमाथा

आठ लाख वर्षं तीच कपची हे तुम्हाला कशावरून कळलं? दगडांवरून. चिंपांझीनं त्यात नवं काय सांगितलं?

मृद्गंध

कपची तीच का राहिली, ते. हात जमत नव्हता, डोकं चालत नव्हतं की शिकवणारं कुणी नव्हतं? कांझीला डोकं होतं, शिकवणारा होता, हात कमी पडला. दगड बघून हे तीन वेगळे करून दाखवा, मग धागा बंद करू.