मोंती फेस्तचे नवे दाणे

सणाच्या जेवणाआधीची आभारप्रार्थना मुलांना निव्वळ औपचारिकता वाटते, असे म्हटले जाते आणि ते मला पटते. परंतु प्रार्थना लांबवणे हा त्यावरचा उपाय नव्हे; मुलांना सणात प्रत्यक्ष सहभागी करून घेणे हा आहे. मंगळूरच्या कोंकणी कॅथलिक घरांत ८ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मदिनी, मोंती फेस्त साजरा होतो आणि त्याआधीचे नऊ दिवस मुले स्वतः फुले गोळा करून तिच्या मूर्तीला वाहतात. सणादिवशी चर्चमध्ये आशीर्वादित झालेल्या नव्या भाताच्या लोंब्या घरी आणून त्यांतले सोललेले दाणे दुधात किंवा खिरीत मिसळून सर्वांना दिले जातात आणि मगच शाकाहारी जेवणाला सुरुवात होते. परगावी, परदेशी असलेल्या नातलगांना हे दाणे टपालाने पाठवण्याचीही रीत आहे. गैरहजर माणसाचाही वाटा काढणारी ही उदारता मला महागड्या भेटवस्तूंहून अधिक मोलाची वाटते.